होडी ओढेल अशी गाडी

शाळेच्या बसवरून निवृत्त होऊन दत्ताराम घाडीला पुरता महिनाही झाला नव्हता. एका सकाळी तो चाळीच्या गॅलरीतून आत आला आणि बांगडे साफ करत बसलेल्या बायकोला म्हणाला, "कौसल्या, मी एक गाडी घेतंय."

"कसली गाडी? भाजीची?"

"पिकअप. डिझेलवाली. जुनी, पण दमदार. जगनची होडी गावाक न्यायची."

कौसल्याने बांगड्याचं डोकं उडवलं, हात धुतले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. तापबीप नव्हता. तोंडावर उलट अशी काही चमक होती की तशी तिने आपल्या लग्नातही पाहिली नव्हती.

जगन माहीमच्या कोळीवाड्यातला. गिरणीचा संप झाला तेव्हा दत्ताराम साचे खात्यात, मागावर, कामाला होता. पहिले काही महिने सभा-मोर्च्यांत गेले, मग घरातली भांडी एकेक करून कमी व्हायला लागली, आणि त्यानंतर दत्ताराम नुसता गॅलरीत बसून राहायला लागला. दिवसभर साच्यावर चालणारे हात मांडीवर मेलेल्या पाखरांसारखे पडलेले असायचे. ते बघवत नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीने तो माहीमला गेला आणि जगनच्या होडीवर जाळं ओढायला लागला. लहानपणी गावच्या खाडीत होडी वल्हवली होती, ते कामाला आलं. पुढे ड्रायव्हिंग शिकला, शाळेच्या बसवर लागला, पण रविवारी माहीमची फेरी चुकली नाही. संपाच्या त्या दोन वर्षांत घाडींच्या घरात जी चूल पेटली ती कौसल्याच्या मजुरीवर आणि त्या होडीवर. त्यामुळे होडीचं नाव निघालं की कौसल्या गप्प बसून ऐके.

आता जगनचे गुडघे गेले होते. मुलगा विमानतळावर नोकरीला. होडी वर्षभर वाळूत कलंडून पडली होती आणि घरात फळ्या सरपणाला काढायची भाषा सुरू झाली होती.

"मोडू देऊ नका," कौसल्या म्हणाली. "पण त्याकरता गाडी कशाला? ट्रकात घाला न् धाडा."

"धाडली, नि मग? उतरवायची कशी? पावसाळ्यात खाडीतून वर कोण ओढणार? आपण जन्माचे गावाक राहायला जातोय मा? तिथे गाडी रोज लागतली. आंबे न्यायला, चिरे आणायला…"

"आंब्याची झाडं चार. त्यातली दोन माकडांची."

पण ती नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "बघायला मी पण येणार. तुम्हांला वस्तू पारखता येत नाही. सासूबाई म्हणायच्या, ह्याला बाजारात धाडला की सडका भोपळा दांडीसकट घेऊन येतो."

दत्ताराम लागलीच कामाला लागला. दारूखान्याच्या भंगार बाजारातल्या एका वेल्डरकडून त्याने जुना आस आणि चार लोखंडी पट्ट्या जोडून होडीसाठी ट्रॉली करवून घेतली. ट्रॉली झाली, आता ओढायला गाडी हवी, असा त्याचा हिशेब. घोड्याआधी टांगा घेतला, असं कौसल्या शेजारणींना सांगायची.

पहिली गाडी वडाळ्याला पाहिली. ट्रकांच्या तळाजवळ एक जुन्या गाड्यांचा व्यापारी होता, त्याच्या जिभेवर साखरेचं पोतं फुटलेलं. गाडी अशी नटलेली की नवरीने लाजावं. लालभडक रंग, आरशांना गोंडे, मागच्या फळीवर दोन मोर. हॉर्न दाबला की सनईसारखं काहीतरी वाजायचं. दत्तारामने तो तीनदा दाबला आणि कौसल्या समजली, आपला माणूस गेला.

"आत्या, बसा ना आत. काय कूल सीट आहे बघा," व्यापारी म्हणाला.

कौसल्याने दाराला हात लावला. बोट लाल झालं. रंग अजून ओला होता.

"एवढी घाई कशाची होती रंगवायची?" तिने विचारलं. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "आम्हांला ओढायला पाहिजे. ओढून दाखवा. तो बंद पडलेला टेम्पो आहे ना, तोच बांधा."

"आत्या, टेम्पो काय घेऊन बसलात? ही गाडी हत्तीला ओढील, हत्तीला!"

"हत्ती असेल तर हत्ती बांधा."

बघ्यांची गर्दी जमली होती, त्यामुळे व्यापाऱ्याला माघार घेता येईना. दोर बांधला. गाडी सुरू झाली. मागून काळ्या धुराचा असा लोट आला की मोर दिसेनासे झाले. इंजिन ओरडलं, दोर ताणला, काहीतरी कडाडलं आणि गाडी सुसाट पुढे गेली. टेम्पो जागच्या जागी होता. दोरही होता. आणि दोराच्या टोकाला गाडीचा मागचा बंपर रस्त्यावर पडला होता.

"हत्ती वाचला," कौसल्या म्हणाली.

दुसरी गाडी शिवडीची. मासळी वाहणारी. ही पाहायला जगनही काठी टेकत आला होता. इंजिन चांगलं होतं, अगदी वाघासारखं, आणि दत्तारामचं तोंड पुन्हा उजळायला लागलं. जगन म्हणाला, "थांब रे दत्तू, वर चढून बघतो," आणि मागच्या हौद्यात त्याने पाय टाकला. पाय आत गेला तो गेलाच. पत्रा बिस्किटासारखा तुटला आणि जगन गुडघ्यापर्यंत गाडीत अडकला. त्याला बाहेर काढताना तो स्वतःच हसून हसून बेजार. "वैनी, या गाडीनं माझ्यापरीस जास्त मीठ खाल्लंय गो!"

त्या संध्याकाळी सगळे जगनच्या पडवीत बसले होते. जगनची बायको शेवंता लालबागच्या बाजारात मासळी विकायची, तिला गावभरच्या खबरा असत. चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "एवढं हिंडताय कशाला? तुमच्या घराजवळच गाडी हाय. मसालेवाल्या रमाबाईची. पिकअपच, दोनशे सात. जपलेली बघा पोरावानी. ती दुकान बंद करतेय, जागा टॉवरवाल्यांनी घेतली. गाडी विकायचीय, पण आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देते."

दत्तारामने घाईघाईने विषय बदलला. "ती नको. मसाल्याची गाडी म्हणजे वास मारणार. आपण कुर्ल्याला बघू." आणि त्याने चोरून बायकोकडे पाहिलं.

कौसल्याला ते दुकान आठवलं. लालबागला मिरच्या भाजल्याचा खकाणा रस्त्याच्या टोकापर्यंत यायचा. संपाच्या दुसऱ्या वर्षी ती रमाबाईच्या मसाला कांडपावर कामाला होती, तोंडाला फडकं बांधून चाळण मारायची. मे महिना, गिऱ्हाइकांची रांग, आणि कौसल्या आदल्या रात्री मुलीच्या, अंबिकाच्या, तापात जागलेली. हात सावकाश चालत होते. रमाबाई रांगेदेखत म्हणाली, "संपवाल्यांच्या घरातली ना तुम्ही! कामाची सवयच गेली तुमची." कौसल्याने फडकं सोडलं, चाळणीवर ठेवलं आणि पायऱ्या उतरली. पुन्हा म्हणून चढली नाही. मसाला दादरहून आणायची. वाटेत रमाबाई दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. मग खानावळ काढली, तीत नाव झालं, अंबिकाचं शिक्षण झालं, लग्न झालं, पण तो फुटपाथ काही सुटला नाही. एकाच रस्त्यावर राहून दोघी बावीस वर्षं एकमेकींना पाठमोऱ्या ओळखत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दत्ताराम झोपलेला असताना, कौसल्याने चांगलं लुगडं नेसलं आणि ती त्या पायऱ्या चढली.

दुकान अर्धं रिकामं होतं. यंत्रं बंद. रमाबाई एका पालथ्या डब्यावर बसून जुन्या गोण्या दुमडत होती. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ. तिने वर पाहिलं.

"मसाला संपला," ती म्हणाली.

"मसाला नको. गाडी बघायला आले."

रमाबाईने हातातली गोणी मांडीवर ठेवली. "कोणाला पाहिजे?"

"आम्हांला. होडी ओढायला."

"काय ओढायला?"

"होडी."

रमाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बावीस वर्षांनी आलीस आणि होडी ओढायला गाडी मागतेस. बाई, तू आहेस मोठी चीज." ती उठली. "माझ्याकडे आले त्या सगळ्यांनी आधी भाव विचारला. एकाने तर टायरला लाथ घातली. त्याला म्हटलं, तुझ्या आईला अशीच घालतोस काय? चल, ये मागे."

मागच्या बोळात गाडी उभी होती. पांढरी, रंग जागोजाग उडालेला, गोंडे नाहीत, मोर नाहीत. दाराला एक मोठा पोचा. पण हौद्यातलं लाकूड तेल लावून ठेवलेलं, टायर चांगले, आणि मागे जाड लोखंडी हूक. "हा मी लावून घेतला," रमाबाई म्हणाली. "दळणाचं जुनं यंत्र गावी ओढत नेलं होतं जुन्नरला. माळशेज घाटातून." तिने दार उघडलं. आतून मिरची, धणे, दगडफूल आणि बडीशेप यांचा असा वास आला की कौसल्याला एकदम भूक लागली आणि शिंकही आली.

"भाव मागाहून," रमाबाई म्हणाली. "आधी होडी ओढून बघा. दुकानात उभी राहिलेली गाडी काय बोलणार? मी येते बरोबर. गाडी मी एकटी सोडत नाही."

घरी आल्यावर कौसल्याने दत्तारामला उठवून सांगितलं तेव्हा तो उशीवरून सरळ उठून बसला. "तू गेलंस? तिच्याकडे? आपल्या पायांनी?"

"मग काय तुमच्या पायांनी जाऊ?"

माहीमला भरती चढायच्या बेताला सगळे जमले. होडी आदल्या दिवशी कोळीवाड्यातल्या माणसांनी हात लावून पाण्यात घातली होती, कारण दत्तारामचं म्हणणं असं की गावी जे करायचं ते इथे करून बघू: पाण्यातून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून वर. कोळीवाड्याला तमाशा फुकट मिळाला होता. म्हातारे खाटा घेऊन बसले. शेवंताने टोपली बाजूला ठेवली. रमाबाई गाडीतून उतरून पदर खोचून एका बाजूला उभी राहिली, परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंसारखी.

कोळीवाड्यातल्या पोरांनी ट्रॉली हातांनी पाण्यात ढकलली आणि तिचा दोर गाडीच्या हुकाला बांधला. दत्ताराम आणि जगन कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडी तिच्यावर बसवायला लागले. बसली. दत्ताराम ओलाचिंब धावत वर आला, गाडीत बसला, गिअर टाकला. तेवढ्यात लाट आली. जगनला एकट्याला होडी धरवेना, ती ट्रॉलीवरून घसरून डौलात बाजूला निघून गेली. पुन्हा दोघे पाण्यात. पुन्हा दत्ताराम धावत वर. पुन्हा होडी बाजूला. तिसऱ्या खेपेला दत्ताराम वाळूत धापा टाकत बसला आणि खाटेवरचा एक म्हातारा म्हणाला, "हिला यायचं नाय रे गावाला, हिला माहीमच आवडतं."

"तुम्ही दोघं खालीच राहा," रमाबाईचा आवाज आला.

तिने चपला काढून वाळूत ठेवल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि ती दार उघडून स्टिअरिंगवर बसली. कौसल्याला वाटलं होतं, गाडी चालवायला हिच्याकडे कुणी माणूस असेल. तसा माणूस कधीच नव्हता. नवरा गेला तेव्हापासून वाशी मार्केटातून मिरच्यांची पोती ही बाई स्वतः आणत होती, आणि फुटपाथ बदलणाऱ्या कौसल्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

"धरली?" रमाबाईने ओरडून विचारलं.

"धरली!" पाण्यातून दोन आवाज आले.

गाडीने जोर लावला. मागची चाकं वाळूत गरगरली आणि रुतायला लागली. "थांब, थांब!" शेवंता धावली. तिच्यामागे बायका धावल्या. फाटकी जाळी, चटया, एका घरचा दाराचा पायपोस, जे हाती लागेल ते चाकांखाली कोंबलं. रमाबाईने पुन्हा पहिला गिअर टाकला. इंजिन आता ओरडत नव्हतं, नुसतं घुमत होतं, जात्यासारखं. चाकांनी चटई धरली, दोर ताणला, ट्रॉली हलली, आणि जगनची होडी, पाणी निथळत, नाक वर करून, सासरी निघालेल्या पोरीच्या ऐटीत वाळूवर चढून आली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याच वेळी गाडी चढावर जरा उडाली, आणि हौद्याच्या फटींत वर्षानुवर्षं साठलेली मिरचीपूड वाऱ्यावर उधळली. आधी जगन शिंकला. मग खाटेवरचे म्हातारे. मग सगळा किनारा. शेवंता शिंकता शिंकता वाळूत बसली, दत्ताराम शिंकत शिंकत होडीला मिठी मारत होता, आणि स्टिअरिंगवर बसलेली रमाबाई, जिला मिरचीचं काही वाटायचं नाही, सगळ्यांकडे बघून पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

भाव तिथेच ठरला, आणि कुणाला त्यात काही बोलावंसं वाटलं नाही. पण कौसल्या विचारात पडली होती. परतताना गाडीत तिघं पुढे बसले होते. मध्ये कौसल्या.

"काय गो, गाडी पसंत नाय?" दत्तारामने विचारलं.

"गाडी पसंत आहे. पण गावाला तुम्ही पाण्यात, होडी धरायला. जगनभावजी आले तर तेही पाण्यात. मग गाडी कोण चालवणार? आंब्यावरची माकडं?"

दत्तारामने एवढा विचारच केला नव्हता.

कौसल्या रमाबाईकडे वळली. "मला शिकवाल?"

दत्ताराम हसला. "अगो, ह्या वयात?"

"मी शिकले तेव्हा माझंही वय झालंच होतं," रमाबाई समोर बघत म्हणाली. "घोडपदेवच्या गोदामांकडे सकाळी रस्ते मोकळे असतात. उद्यापासून ये."

आणि कौसल्या जायला लागली. सुरुवातीला तिचे पाय पेडलपर्यंत नीट पुरत नव्हते, म्हणून रमाबाईने पाठीमागे दुमडलेली गोणी घातली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. गोदामांवरचे हमाल बिड्या विझवून बघत उभे राहायचे. रमाबाई शिकवणारी कडक, पण दरवेळी काही बोलायला तोंड उघडायची आणि गप्प बसायची. ओठ आवळून खिडकीबाहेर बघायची. असे काही दिवस गेले.

एका सकाळी गाडी सारखी सारखी बंद पडली. रमाबाईच्या मानेची शीर ताठ झाली होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

कौसल्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. "बोला, रमाबाई. बोला काय ते. या वेळेला मी उतरून जाणार नाय."

रमाबाईने दीर्घ श्वास घेतला आणि ती म्हणाली, "अगं भवाने, क्लच म्हणजे काय झुरळ आहे? हळू सोड, हळू! पायाखाली आलेल्या उंदराच्या शेपटीसारखा सोडतेस तो!"

"हां, आता कसं," कौसल्या म्हणाली. "आता जमेल."

आणि खरंच जमायला लागलं. ओरडणं सुरू झालं तसं शिकवणंही सुरू झालं. दोघी गाडीत बसून एकमेकींवर अशा ओरडायच्या की हमालांना वाटे बहिणी आहेत. धडा संपला की कोपऱ्यावर चहा. कौसल्या खानावळीच्या गोष्टी सांगे, रमाबाई वाशीच्या दलालांच्या. एकदा रमाबाईने मध्येच विचारलं, "तुझ्या मुलीला त्या वेळी ताप होता, नाही? मला ते मागाहून कळलं." कौसल्या म्हणाली, "आता तिची मुलगी शाळेत जाते," आणि तिने आणखी एक बशी चहा मागवला.

परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, कारण साहेबांनी डावीकडे वळा म्हटल्यावर तिने "आधी ती हातगाडी जाऊ दे" असं त्यांनाच दटावलं. दुसऱ्यांदा पास झाली. तो परवाना तिने अंबिकाला, जावयाला, चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला दाखवला. दत्तारामला दोनदा दाखवला.

निघायच्या दिवशी गाडीमागे ट्रॉली, ट्रॉलीवर होडी, होडीत संसार. कपाट, पाटा-वरवंटा, खानावळीची मोठी पातेली. अख्खा रस्ता गोळा झाला होता. लालबागेतून मिरवणुका पुष्कळ निघतात, पण भर रस्त्यातून होडी जाताना कुणी पाहिली नव्हती. जगन पिशवी घेऊन तयारच होता. "पोरगी सासरी चालली," तो होडीवर हात फिरवत म्हणाला, "पोचवायला बापूस नको?"

दत्ताराम स्टिअरिंगवर बसायला गेला तर तिथे रमाबाई आधीच बसलेली.

"पनवेलपर्यंत मी नेते," ती म्हणाली. "तिथून एसटीने परत येईन. सवय मोडायला एवढं तरी लागेल."

जगन होडीतल्या गादीवर जाऊन बसला, राजासारखा, आणि पनवेलपर्यंत वाटेतल्या लोकांना हात हलवत राहिला. पनवेलला रमाबाई उतरली. कौसल्याने तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग रमाबाई म्हणाली, "घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ठेव. आणि नवऱ्याला हॉर्न वाजवू देऊ नकोस," आणि स्टँडकडे चालती झाली.

गोवा हायवेला ते असे सावकाश गेले की वाटेत बैलगाडीवाल्यांनीही विचारपूस केली. प्रत्येक चहाच्या टपरीवर दत्ताराम पहिल्यापासून सगळी कथा सांगायचा आणि प्रत्येक वेळी हत्ती थोडा मोठा व्हायचा. कशेडी घाट गाडी रमाबाईने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मधला सपाट टप्पा कौसल्याने चालवला. शेजारी दत्ताराम देवाचं नाव घेत बसला होता, पण हळूच, कारण तिला ऐकू गेलं तर पंचाईत.

गावच्या खाडीवर होडी उतरवायचा दिवस मात्र कठीण गेला. ओढायला ती शिकली होती, पण ट्रॉली मागे ढकलत पाण्यात न्यायची, हे रमाबाईलाही करावं लागलं नव्हतं. कौसल्या स्टिअरिंग डावीकडे फिरवी, ट्रॉली उजवीकडे जाई. दत्ताराम पाण्यातून ओरडे, "उजवीकडे! उजवीकडे!" जगन ओरडे, "नाय वैनी, डावीकडं!" बांधावर उभा राहिलेला गावही आपापली दिशा सांगत होता. एकदा ट्रॉली आडवी झाली, एकदा नारळाच्या झाडाला टेकली. शेवटी कौसल्याने खिडकीची काच वर केली. सगळे आवाज बंद झाले. तिने आरशात नीट पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की हिला जिकडे न्यायचं त्याच्या उलट फिरवायचं. मग तिने उलट फिरवलं. ट्रॉली सरळ गेली, चाकं पाण्यात बुडाली, होडी जरा डुलली आणि आपसूक तरंगली.

दोन म्हातारे होडीत चढले. जगनने वल्हं हातात घेतलं आणि त्याचे गुडघे दुखायचं विसरले असावेत. दोघे काहीतरी बोलत, हसत, खाडीच्या वळणापलीकडे निघून गेले. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. दत्तारामचे हात वल्ह्यावर चालताना कौसल्याला लांबूनही दिसत होते. ती काच खाली करून बघत बसली. राग आला नाही. बरंच वाटलं.

तेवढ्यात बांधावरून शेजारची गंगुबाई पदर सावरत धावत आली. "गो कौसल्या, तुझी गाडी रिकामी आसा मगे? आमची रिक्षा व्हाळाच्या चिखलात रुतली हा. सकाळपासून चार माणसां ढकलतत, हलूक नाय. वायच ओढून दितंस?"

कौसल्याने खाडीकडे पाहिलं. होडी दिसत नव्हती. तिने ट्रॉली पाण्याबाहेर काढून बांधाशी सोडून ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "दोर आहे ना तुमच्याकडे? आणि एक-दोन चटया घ्या. जुन्या."

रिक्षा पहिल्या झटक्यात निघाली. ती निघाली म्हणून वाडीतल्या एकाने विहिरीजवळ पडलेलं नारळाचं खोड बाजूला करायला सांगितलं. ते झालं तोवर देवळाच्या पुजाऱ्याला चिऱ्यांची ट्रॉली आठवली. प्रत्येक घरी चहा झाला, एका घरी घावणेही. हौद्यातून मिरचीचा वास येत होता आणि वाडीतली माणसं शिंकत शिंकत तिला वाट दाखवत होती.

ऊन कलल्यावर ती खाडीवर परतली तेव्हा दत्ताराम आणि जगन कमरेएवढ्या पाण्यात होडीला धरून उभे होते. थंडीने दोघांचे ओठ निळे पडले होते.

"खय गेललंस?" दत्ताराम तिथून ओरडला. "आम्ही कवापासून उभे आसंव!"

"कामं होती," कौसल्या म्हणाली, आणि ट्रॉली पुन्हा हुकाला लावून, आरशात बघत तिने ती मागे घ्यायला सुरुवात केली.